दात उजळवताना इनॅमल कसे जपावे

दातांचा पिवळेपणा घासून जात नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. चहाचा डाग घासून निघतो हे खरे. पण दाताचा मूळ रंग वरच्या पृष्ठभागावर नसतोच. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आतला डेंटिनचा थर मुळातच पिवळसर. पिवळ्या भिंतीसमोर दुधी काच लावावी तसा हा प्रकार आहे: काच जाड असेल तोवर भिंत फिकी दिसते, काच झिजवली की तीच भिंत जास्त पिवळी दिसू लागते. लिंबू-मीठ चोळणाऱ्याला सुरुवातीला दात स्वच्छ वाटतात, आणि काही वर्षांनी ते पूर्वीपेक्षा पिवळे का झाले हे त्याला कळत नाही.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग निव्वळ खनिज असतो. दाढेच्या टोकावर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि हिरडीकडे येताना तो थर अगदी पातळ होत जातो. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात. त्यामुळे नुसत्या मऊ पडलेल्या इनॅमलमध्ये लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा शिरून ते सावरू शकते, पण जो थर झिजून गेला तो गेलाच. ‘इनॅमल परत वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पेस्ट फार तर पहिले काम करते, दुसरे नाही.

पायरी १: आधी आरशात नीट बघा

दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उभे राहा, ओठ वर करा आणि पुढचे दात टिशूपेपरने कोरडे पुसा. ओल्या दातावर चमक असते, त्यात खरा रंग लपतो. तपकिरी रेघा हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत किंवा खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला असतील, तर ते वरून बसलेले डाग आहेत. चहा, कॉफी, रेड वाइन आणि तंबाखू हे नेहमीचे आरोपी. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश बरेच दिवस वापरला किंवा लोहाचे पातळ औषध चालू असेल तरी असे डाग पडतात.

सगळेच दात एकसारखे पिवळसर असतील तर तो आतला रंग. वयाबरोबर इनॅमल पातळ होते आणि डेंटिन गडद होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. एकच दात करडा किंवा काळपट दिसत असेल तर मात्र प्रकरण वेगळे. त्या दाताला कधीतरी मार लागून आतली नस मेलेली असू शकते. तिथे आधी एक्स-रे, रंगाचे नंतर बघू. लहानपणी, आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्याने पडलेले राखाडी पट्टे फार हट्टी असतात. फ्लोरोसिसचे (लहानपणी पोटात जास्त फ्लोराइड गेल्याने पडलेले) पांढरे ठिपके तर ब्लीचिंग, म्हणजे रसायनाचे जेल लावून दात उजळवणे, चालू असताना आणखीच उठून दिसू शकतात.

आरशासमोर आहातच तर तीन खुणा तपासा. पुढच्या दातांच्या कडा निळसर, आरपार दिसाव्यात अशा झाल्या आहेत का? दाढांच्या टोकांवर छोटे खळगे पडले आहेत का? जुने फिलिंग भोवतीच्या दातापेक्षा वर उचलल्यासारखे लागते का? (फिलिंग वाढलेले नसते, आम्लाने त्याच्याभोवतीचा दात खाली गेलेला असतो.) यातले काही दिसले तर पांढरे करण्याचा बेत बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: सफाई करून घ्या

डाग वरचे असतील तर काम इथेच संपू शकते. दातांच्या डॉक्टरांकडून स्केलिंग (कीटण, म्हणजे दातांवर जमलेला टणक थर, खरवडून काढणे) आणि पॉलिशिंग करून घ्या. कीटण ब्रशने निघत नाही, त्याला उपकरणच लागते. ‘सफाईने दात सैल होतात’ हा समज चुकीचा आहे. मधला कीटणाचा थर निघाल्यामुळे आधीच हललेले दात हलताना जाणवतात एवढेच. ब्लीचिंग करायचे असले तरी सफाई आधीच हवी, कारण जेल कीटणावर लावून उपयोग नसतो. कीड आणि हिरड्यांची सूज यांचे उपचारही आधी उरकून घ्या.

पायरी ३: रोजची झीज थांबवा

खरे सांगायचे तर हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि हीच लोक वगळतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजण्याचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोलाही जवळपास तिथेच. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात, तेव्हा स्वच्छ वाटावे म्हणून लगेच ब्रश हातात घेतला जातो. नेमके तेच करू नका. त्या वेळी वरचा थर मऊ झालेला असतो आणि ब्रश तो सरळ खरवडून नेतो. पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा ते एक तास थांबा, लाळ आपले काम करते. उलटी झाल्यावरही हाच नियम, फक्त चूळ भरायच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. वारंवार आंबट ढेकर येत असतील तर दातांइतकीच पोटाचीही तपासणी हवी.

आंबट पेय प्यायचेच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत संपवा. तासभर घोट घोट घेत बसलात तर दात तासभर आम्लात बुडलेले राहतात. आरोग्यासाठी म्हणून दिवसभर लिंबूपाणी पिणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

ब्रश मऊ केसांचा घ्या. तो हिरडीकडे थोडा तिरका धरून, हलक्या हाताने, छोट्या गोलाकार हालचालींत, दिवसातून दोनदा, दोन मिनिटे. ब्रश मुठीत न धरता बोटांच्या टोकांत धरला की जोर आपोआप कमी होतो. नव्या ब्रशचे केस थोड्याच आठवड्यांत बाहेर फाकले असतील तर तुम्ही दात घासत नाही, खरवडता आहात. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असावे. फ्लोराइड इनॅमलमध्ये बसले की आम्लापुढे तो भाग जास्त टिकाव धरतो. घासून झाल्यावर फेस थुंका, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइडही वाहून जाते.

आता घरगुती उपायांबद्दल. कोळशाची पावडर खरखरीत असते आणि तिने मूळ रंग उजळल्याचा भक्कम पुरावा नाही. खाण्याचा सोडा एकटा तसा सौम्य आहे. पण त्यात लिंबू पिळले की जो फेस येतो, तो आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करत असल्याचा फेस असतो. दात त्याने पांढरे होत नाहीत आणि उरलेले लिंबू दातांवरच बसते. ‘व्हाइटनिंग’ लिहिलेल्या पेस्टही मुख्यतः वरचे डागच काढतात. काहींमध्ये निळसर रंगद्रव्य असते, त्यामुळे दात काही वेळ पांढरे भासतात.

पायरी ४: मूळ रंग बदलायचा असेल तर ब्लीचिंग

आतला रंग खऱ्या अर्थाने हलवणारी वस्तू म्हणजे पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून आत झिरपते आणि रंगीत रेणू तोडते. यात घासणे कुठेच येत नाही. घरी वापरण्याच्या जेलमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते, ते साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बरोबरीचे. दवाखान्यात याहून कितीतरी तीव्र जेल हिरड्या झाकून लावतात. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंतचे पेरॉक्साइड केवळ दंतवैद्यांमार्फतच मिळते आणि १८ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. यावरून ऑनलाइन मागवलेल्या अनोळखी जेलबाबत काय ते ठरवा.

माझे मत विचाराल तर डॉक्टरांनी तुमच्या दातांच्या मापाने बनवलेला ट्रे (दातांवर बसणारा पातळ साचा) आणि सौम्य जेल हा सर्वांत समंजस मार्ग. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या समोरच्या बाजूला जेलचा छोटा ठिपका पुरतो. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेले जेल लगेच पुसा. तिथे ते राहिले तर हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. रात्री लावायचे की तासभर, हे जेलच्या तीव्रतेवर अवलंबून असते. १० टक्क्यांचे जेल रात्रभर, साधारण दोन आठवडे वापरतात. लाइट किंवा लेझरची जोड दिल्याने फारसा फरक पडत नाही, बिलात मात्र पडतो.

मध्येच थंड पाण्याने दातांत सणक जाऊ लागली तर एक-दोन रात्री सुट्टी घ्या आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट लावा. ही सणक बहुधा तात्पुरती असते. सुट्टी घेऊनही ठणका थांबत नसेल तर जेल बंद करून दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा बेत पुढे ढकलावा.

फिलिंग, कॅप आणि व्हेनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेली पातळ पापडी) यांचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. पुढच्या दातात फिलिंग असेल तर ते नंतर नव्या रंगाशी जुळवून बदलावे लागेल, हा खर्च आधीच मोजा. ते बदलण्यापूर्वी दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगनंतर दात काहीसे कोरडे पडून जास्तच पांढरे दिसतात आणि खरा रंग स्थिरावायला वेळ लागतो. शिवाय लगेच लावलेले फिलिंग दाताला घट्ट चिकटत नाही.

किती पांढरे करायचे याचे माप डोळ्यांच्या बुबुळाभोवतालच्या पांढऱ्या भागावरून घ्या. दात त्याहून पांढरे झाले की खोटे दिसतात. रंग हळूहळू पुन्हा उतरतो. तेव्हा तोच ट्रे डॉक्टरांना विचारून काही रात्री वापरला की भागते, म्हणून ट्रे फेकू नका. मात्र त्याला उन्हापासून आणि गरम पाण्यापासून दूर ठेवा, नाहीतर त्याचा आकार बिघडतो.