तबेल्यात नवीन आहात? मग आयाळ शिकून घ्या

घोड्यांच्या कामात येणाऱ्या बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच रपेट हवी असते, आणि हातात येतो खरारा नि कंगवा. नाक मुरडू नका. मला घोडा समजू लागला तो त्याच्या मानेशी उभं राहून. आयाळ विंचरताना कान कधी मागे पडतात, कातडी कुठे थरथरते, हे बघायला दुसरी इतकी निवांत जागा नाही.

कात्री उचलण्याआधी विचारा: हा घोडा काम काय करतो? पोलोच्या घोड्याची आयाळ पार भादरतात, कारण लगाम आणि काठी तिच्यात अडकते. ड्रेसाज (शिकवलेल्या चाली रिंगणात करून दाखवण्याची स्पर्धा) किंवा जंपिंगच्या घोड्याची वेणी घालायची असते, म्हणून ती वीतभराच्या आत आणि पातळ ठेवतात. मारवाडी-काठियावाडी घोड्याचं मात्र सगळं उलटं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत एकदा फिरून या, लांब मोकळ्या आयाळीचा मालकांना किती अभिमान असतो ते दिसेल. तिथे मालकाला न विचारता एक बोटही कापायचं नाही. भादरलेली आयाळ पुन्हा मानेवर नीट पडायला वर्ष तरी जातं.

आयाळ नुसती शोभेची नाही. ती आणि कपाळावरची झुलपं माश्या हाकलतात. मोकळ्या रानात चरणाऱ्या घोड्याची झुलपं तोकडी करणं मला तरी पटत नाही.

आता पातळ करण्याबद्दल. नवखा माणूस कात्री आडवी धरून सरळ रेषेत कापतो आणि डोक्यावर वाटी ठेवून हजामत केल्यासारखी आयाळ दिसते. जुने सईस, म्हणजे घोडा सांभाळणारे, कापत नाहीत, उपटतात. खालच्या थरातले सगळ्यात लांब केस चिमटीत धरायचे, बाकीचे कंगव्याने वर सारायचे, उरलेले चार-पाच केस कंगव्याला गुंडाळून झटकन ओढायचे. रपेटीनंतर अंग गरम असताना केस सहज निघतात. सुरुवात खांद्याकडून करा, कानांजवळ घोडा जास्त हळवा असतो. एका बैठकीत सगळी मान उरकायची नाही, दोन-तीन दिवसांत वाटून घ्या. आणि एखाद्या घोड्याला उपटणं सोसतच नसेल, तर हट्ट कशाला? विरळ करायची कात्री किंवा पात्याचा कंगवा वापरा, टोकं उभी कापा. मी हल्ली बहुतेक घोड्यांना असंच करते.

कानांमागे लगामाचा पट्टा बसतो तेवढी दोन-तीन बोटं जागा मोकळी करतात. ती जास्त पुढे-मागे सरकली की महिनोन्महिने खुंट उभे राहतात.

घोडा मान घासत असेल तर आधी केस बाजूला करून मुळाशी बघा. उवा, बुरशी, चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी, यातलं काहीही असू शकतं. हे डॉक्टरांचं काम. पावसाळ्यात बुरशी ब्रशवरून पसरते, म्हणून प्रत्येक घोड्याचा ब्रश वेगळा. शॅम्पू केला तर फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, राहिलेल्या साबणानेही खाज सुटते.

वेणी घालायच्या आदल्या दिवशी आयाळ धुऊ नका, तेलही नको, केस हातातून निसटतात. वेण्या फार घट्ट ओढल्या तर घोडा मान खाली घ्यायला कुरकुरतो. स्पर्धा संपली की लगेच सोडवा, रात्रभर ठेवल्या तर तो घासून केस तोडतो. ज्याला वेण्या पटापट जमतात, त्याला स्पर्धेच्या गाडीत जागा मिळते. आणि त्या गाडीतून जाणार असाल तर हेही माहीत असू द्या: नाकाभोवतीच्या नि डोळ्यांजवळच्या मिशा कापायच्या नाहीत. त्यांनी घोडा जवळच्या वस्तू चाचपतो. 1 जुलै 2021 पासून एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या) स्पर्धांत त्या कापलेला घोडा उतरवता येत नाही.

खरेदीची घाई नको. धातूचा छोटा कंगवा, मऊ ब्रश आणि रबरं पुरतात. क्लिपर, म्हणजे केस कापायचं यंत्र, तबेल्यात असतोच. तो हातात मिळाला तरी आधी नुसता चालू करून घोड्याच्या खांद्याला टेकवा आणि त्याला आवाजाची सवय होऊ द्या.