थाटात जगप्रदक्षिणा करायची आहे? या चुका टाळा

निवृत्तीची रक्कम हातात आली, पोरं मार्गी लागली की घरात एक वाक्य हमखास उमटतं: ‘एकदा सगळं जग बघून येऊ, तेही थाटात.’ ओळखीपाळखीच्या लोकांना अशा लांबलचक सहली आखून देता देता मी बरेच घोळ पाहिलेत, दोन-तीन तर माझ्याच हातून झालेत. पैसे कमी पडल्यामुळे बिघडलेली सहल त्यात एकही नाही. बिघडतं ते तारखांमुळे, कागदांमुळे आणि बॅगेमुळे.

बॅगेपासूनच सुरुवात करतो. बिझनेस क्लासच्या तिकिटावर अनेक विमान कंपन्या ३२-३२ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, म्हणून माणसं चाकांच्या, कडक कवचाच्या दोन भल्यामोठ्या बॅगा भरतात. त्या केनियातल्या नैरोबीपर्यंत राणीसारख्या जातात. पण मसाई माराच्या अभयारण्यात जाणारी छोटी विमानं नैरोबीच्या मोठ्या विमानतळावरून सुटत नाहीत, विल्सन नावाच्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. तिथे साधारण १५ किलोची मर्यादा असते, हातातली पर्स आणि कॅमेरा धरून. शिवाय बॅग मऊ लागते, कारण विमानाच्या पोटात कडक बॅग शिरतच नाही. रात्रीला लाखभर रुपये मोजून तंबू घेतलेले एक काका तिथल्या फरशीवर बॅग उघडून चड्ड्या-बनियन वेगळे करत बसले होते, आणि काकू दुसरीकडे बघत उभ्या होत्या. उपाय साधा आहे. घडी होणारी एक डफल बॅग घरूनच न्या आणि मोठ्या बॅगा नैरोबीच्या हॉटेलात ठेवा. चपला गुंडाळायला प्लास्टिकच्या कॅरीबॅगा मात्र नेऊ नका, केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. जुन्या उशीचा अभ्रा उत्तम काम देतो.

केनिया किंवा ब्राझील यादीत असेल तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला हवा. लस निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेऊन चालत नाही, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरतात. दाखल्याशिवाय तिथून थेट भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठी उलटली असेल तर या लशीचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. हे सहलवाले क्वचितच सांगतात.

आता तिकीट. विमान कंपन्यांच्या गटांकडून मिळणाऱ्या जगप्रदक्षिणेच्या तिकिटाची मुख्य अट अशी, की एकदा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे निघालात की साधारण त्याच दिशेने पुढे जायचं आणि अटलांटिक व प्रशांत महासागर एकेकदाच ओलांडायचे. वनवर्ल्ड गटाच्या तिकिटात जास्तीत जास्त १६ टप्पे मिळतात आणि भाडं किती खंडांत जाणार त्यावर ठरतं. लोक आधी आवडती शहरं लिहितात आणि मग ती तिकिटात कोंबायला बघतात. उलटं करा. आधी दोन महासागर कुठून कुठे ओलांडायचे ते ठरवा, मधली शहरं आपोआप लागतात.

प्रशांत महासागरावर आणखी एक सापळा आहे. लॉस एंजेलिसहून सोमवारी रात्री निघालेलं विमान ऑकलंडला बुधवारी पहाटे उतरतं. प्रवास बारा-तेरा तासांचा, पण वाटेत तारीख बदलणारी रेषा ओलांडल्यामुळे मंगळवार मात्र गायब. (एका काकूंची संकष्टी अशीच आभाळात हरवली. ‘मग उपास सोडायचा कधी?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.) इथे हॉटेलचं बुकिंग हमखास चुकतं. तारीख बरोबर धरली तरी पहाटे सहाला पोचल्यावर खोली दुपारी तीनला मिळते. दमल्या अंगाने लॉबीत नऊ तास काढण्यापेक्षा आदल्या रात्रीचेही पैसे भरा. आणि ‘आम्ही पहाटे येतोय’ असं हॉटेलला लेखी कळवा, नाहीतर पाहुणे आलेच नाहीत म्हणून ते खोली सोडून देतील.

व्हिसाचा क्रम चुकला की सगळं अडतं, कारण पासपोर्ट एकच आणि तो एका वेळी एकाच दूतावासात असतो. अमेरिकेचा आधी घ्या. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही, तो मागाहून. पासपोर्ट नवा काढायचाच असेल तर ६० पानांचा मागा.

टीसीएसबद्दल, म्हणजे सहलीचे पैसे भरतानाच आपल्याकडून वसूल होणाऱ्या आगाऊ कराबद्दल, थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पॅकेजच्या ७ लाखांवरच्या रकमेला २० टक्के दर लागला, एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा १० लाख झाली. नियम असे बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या हिशेबावर विसंबू नका, पैसे भरायच्या आठवड्यात सीएंना विचारा. ही रक्कम रिटर्न भरताना आपल्या करात वळती होते, पण ज्याच्या पॅनवर कापली त्याच्याच. दोघांचे पैसे एकाच्या पॅनवर भरण्याआधी याचा विचार करा.

राहिला खाऊ. मेतकूट, चटण्या, लाडू न्यूझीलंडला नेताना आगमनाच्या फॉर्मवर सगळं लिहा. लिहिलंत तर फार तर काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर, म्हणजे वीसेक हजार रुपये. मघाच्या संकष्टीवाल्या काकूंनी लसणीच्या चटणीपर्यंत सगळं लिहून दिलं होतं. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, एक पुडी बाजूला ठेवली आणि बाकी सगळं परत दिलं. दंड झाला तो काकांना. त्यांच्या कोटाच्या खिशात विमानात मिळालेलं सफरचंद होतं.