लेयर टेम्प्लेट वापरताना: फोटो चौकटीच्या बरोबर वर

डिजिटल स्क्रॅपबुकचं लेयर (एकावर एक ठेवलेले थर) असलेलं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा तयार आराखडा, पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइल म्हणून मिळतं. त्यातले करडे चौकोन आणि पट्ट्या म्हणजे नुसत्या जागा: कुठे फोटो, कुठे नक्षीचा कागद, कुठे मजकूर. फाइल उघडल्या उघडल्या ‘सेव्ह ॲज’ करून वेगळं नाव द्या, म्हणजे मूळ टेम्प्लेट पुढच्या पानासाठी कोरं राहील.

आता खरी मेख. लेयर्सच्या यादीत फोटोचा लेयर चौकटीच्या, म्हणजे फोटोसाठीच्या करड्या चौकोनाच्या, लेयरच्या लगेच वर हवा. मध्ये फुलाचा किंवा रिबनचा लेयर राहिला, तर फोटो त्या फुलाच्याच आकारात कापला जातो आणि नवशिक्यांना वाटतं, टेम्प्लेट बिघडलं. जागा बरोबर असली की फोटोशॉपमध्ये कंट्रोल+ऑल्ट+जी दाबा. फोटो चौकटीत बसतो, आणि तो हलवून चेहरा मधोमध आणता येतो. चौकटीची सावलीही तशीच राहते. फोटो कापून चिकटवण्यापेक्षा ही पद्धत म्हणूनच मला कितीतरी चांगली वाटते. चूक झाली तरी फोटो शाबूत असतो.

फोटोशॉप विकत घ्यायचं नसेल, तर फोटोपी ब्राउझरमध्ये मोफत चालतं आणि पीएसडी उघडतं.

पान छापायचं असेल, तर १२ बाय १२ इंचांचं पान ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. चार इंचांच्या चौकटीला १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो सहसा लहान होतो, त्यामुळे बारशाचे फोटो तिथून उतरवून घेऊ नका, ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल मागा.