रॅमचा वेग कसा तपासावा आणि टायमिंग कसे आवळावे

रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेले असले, तरी मदरबोर्ड तिला आपणहून त्या वेगाने चालवत नाही. डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा ५६००वर सुरू होते, तर डीडीआर४ २१३३ ते ३२००च्या दरम्यान. छापलेला वेग हवा तर बायोसमधला, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधला, एक पर्याय चालू करावा लागतो. तो कधीच चालू न केलेले डेस्कटॉप मला अजूनही दिसतात, म्हणून आधी तपासणी.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. वेग आणि किती स्लॉट भरले आहेत, दोन्ही तिथे कळते. टायमिंगसाठी, म्हणजे रॅम एकेका कामाला घड्याळाचे किती ठोके घेते ते बघायला, सीपीयू-झेड या प्रोग्रामचा मेमरी टॅब उघडा. तिथे ६०००च्या रॅमपुढे ३००० मेगाहर्ट्झ दिसले म्हणून रॅम परत करायला निघू नका. डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, तेव्हा तो आकडा दुप्पट करून वाचायचा.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील, तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारीशेजारी खोचल्या की दोन्ही सहसा एकाच चॅनेलवर जातात आणि बँडविड्थ निम्मी होते. ते नुकसान नंतर कुठल्याही टायमिंगने भरून निघत नाही.

आता बायोसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी किंवा एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्स्पो (छापलेल्या वेगाचे तयार प्रोफाइल) चालू करा आणि सेव्ह करा. डीडीआर५ असेल तर त्यानंतर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. मेमरी ट्रेनिंग चालू असते, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो; पॉवर बटणाला हात लावू नका. मशीन अजिबातच उठले नाही तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा. ते आपल्या बोर्डावर कसे करतात, हे सुरुवात करण्याआधीच बघून ठेवा.

वेगाबरोबर रॅम आणि मेमरी कंट्रोलर यांच्या घड्याळांचे गुणोत्तरही पाहा. रायझन ७०००वर ६०००च्या रॅमला यूसीएलके (कंट्रोलरचे घड्याळ) आणि एमसीएलके (रॅमचे घड्याळ) दोन्ही ३००० मेगाहर्ट्झ हवेत. वेग फार चढवला की बोर्ड गुपचूप यूसीएलके निम्म्यावर आणतो, आणि आकडा मोठा दिसूनही मशीन मंदावते. इंटेलवर डीडीआर४ असेल तर गिअर १ (कंट्रोलर आणि रॅम एकाच वेगाने) चालते का ते आधी बघा. रायझन ७०००चे एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारे) १.३ व्होल्टच्या वर नेऊ नका. २०२३मध्ये प्रोसेसर जळाल्यावर एएमडीनेच बायोस अपडेटमधून ही मर्यादा घातली.

सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम घेते ते ठोके. वेग वेगळे असताना या आकड्याची तुलना थेट करू नये. सीएलला २०००ने गुणा, वेगाने भागा; उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि ६००० सीएल ३० म्हणजेही १०. पण ६००० सीएल ४० म्हणजे १३.३. चांगल्या प्रोफाइलमध्ये सीएल, टीआरसीडी, टीआरपी हे मुख्य टायमिंग आधीच बऱ्यापैकी आवळलेले असतात. तिथे एखादी पायरी खाली उतरून बघा, जमले नाही तर सोडून द्या. खरी कमाई टीआरएफसी आणि टीआरईएफआय या दोघांत आहे, आणि मशीनची वाटही तिथेच लागते.

रॅमचा प्रत्येक बिट एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि तो चार्ज सतत गळत असतो. म्हणून ठरावीक अंतराने रिफ्रेश करावा लागतो. टीआरईएफआय म्हणजे दोन रिफ्रेशमधले अंतर, टीआरएफसी म्हणजे एका रिफ्रेशला लागणारा वेळ. १६ गिगाबिटच्या डीडीआर५ चिपसाठी ठरलेले आकडे आहेत ३.९ मायक्रोसेकंद आणि २९५ नॅनोसेकंद. म्हणजे सुमारे साडेसात टक्के वेळ चिप रिफ्रेशमध्येच अडकलेली असते. ६०००च्या वेगाला बायोसमध्ये हेच आकडे घड्याळाच्या ठोक्यांत, साधारण ११७०० आणि ८८५ असे दिसतात. टीआरएफसी खाली आणायचा, टीआरईएफआय वर न्यायचा. इतर टायमिंग कमी केलेले चांगले, हा एक मात्र वाढवलेला चांगला, हे पक्के लक्षात ठेवा.

कोणाच्या तरी स्क्रीनशॉटमधले आकडे जसेच्या तसे उतरवा, हा या विषयावरचा सर्वांत वाईट सल्ला आहे. हायनिक्स कंपनीच्या ए-डाय प्रकारच्या चिपला जो टीआरएफसी सहज झेपतो, त्यावर दुसऱ्या कंपनीची चिप बूटसुद्धा होणार नाही. बूट झाली नाही तर एकवेळ बरे, निदान कळते तरी. टीआरईएफआय एकदम ६५५३५ करा, असे सांगणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. ६०००च्या वेगाला ते अंतर मूळच्या साडेपाच पटीहून जास्त होते. मशीन बूट होते, गेम चालतात, सगळे छान वाटते. मग आठवड्याभराने मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) येते, ब्राउझरचा टॅब उगाच कोसळतो. रॅममध्ये उलटलेला बिट फाइलसोबत डिस्कवर लिहिला जातो आणि तिथून बॅकअपमध्येही पोचतो. डीडीआर५ चुका स्वतः दुरुस्त करते यावर विसंबू नका. ती सोय चिपच्या पोटातल्या एकेका बिटापुरती आहे. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. त्यामुळे टायमिंगला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवा.

मी स्वतः सर्वांत जास्त झगडलो ते उष्णतेशी. रॅम तापली की चार्ज लवकर गळतो. ८५ अंशांपलीकडे तर मानकच दुप्पट वेळा रिफ्रेश करायला सांगते. टीआरईएफआय ताणल्यावर ही मर्यादा खूप आधी येते. माझ्या अनुभवात स्टिक पन्नाशी ओलांडून पंचावन्नकडे गेली की चुका सुरू होतात. म्हणून रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालवून सकाळी शून्य चुका दिसल्या, तरी काम झाले असे समजू नका. स्टिक मुळात खराब नाही ना, हे बघायला ती टेस्ट उत्तम आहे. पण तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असते. गेम सुरू झाला की कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर येते आणि तीच सेटिंग कोलमडते.

टेस्ट घ्यायची ती कॅबिनेट बंद करून, विंडोजमध्ये. टेस्टमेम५ ही मेमरी टेस्ट चालू ठेवा आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर भार टाका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये स्टिकचे तापमान बघत राहा. डीडीआर५च्या स्टिकमध्ये त्यासाठी सेन्सर असतो. तापमान वाढायचे थांबले की तिथून पुढे किमान तासभर टेस्ट चालू द्या. एक चूक आली तरी सेटिंग नापास. ‘एखादी चूक चालते’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. शेवटी वाय-क्रंचर हा प्रोग्रामही चालवा, तो प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला घाम फोडतो.

एका वेळी एकच आकडा बदला, दोन बदलले की दोष कोणाचा ते कळत नाही. टीआरएफसी दहा-वीस नॅनोसेकंदांच्या पायरीने उतरवा. चूक आली की दोन पायऱ्या मागे या, एक नव्हे, कारण उन्हाळ्यात खोली आजच्यापेक्षा तापणार आहे. टीआरईएफआय आधी २००००, मग ३००००. तिथवरच बहुतेक फायदा पदरात पडलेला असतो आणि मी स्वतः तिथेच थांबतो. चूक आली म्हणून रॅमचे व्होल्टेज चढवत बसू नका, त्याने स्टिक आणखी तापते. रॅमवर एक साधा पंखा रोखला तर त्याहून जास्त उपयोग होतो.

सगळे पास झाले की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा, आणि टायमिंगच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटोही काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर जुने प्रोफाइल बऱ्याचदा उडते किंवा लोड होत नाही. तेव्हा आकडे फोटोवरून पुन्हा भरा आणि टेस्ट पुन्हा घ्या, कारण नव्या बायोसमध्ये मेमरी ट्रेनिंगही बदललेले असू शकते.