सणाच्या गडबडीत नैराश्य कसं ओळखायचं

दोन वर्षांपूर्वी सणाला आम्ही सगळे एकत्र जमलो होतो. फोटो काढताना धाकटी बहीण छान हसली आणि फोन खाली होताच तिचा चेहरा पार उतरला. मला ते दिसलं होतं. प्रवासाने दमली असेल म्हणून मी सोडून दिलं. ते नैराश्य होतं हे कळायला पुढे तीन महिने गेले.

सणात प्रत्येक लक्षणाला सबब तयार असते. झोप नाही, कारण जागरण. भूक नाही, कारण अरबटचरबट खाणं. चिडचिड, कारण पाहुणे. म्हणून त्या माणसाची तुलना इतरांशी करू नका, त्याच्याशीच करा. गेल्या सणाला ते माणूस कसं होतं?

सगळ्यात आधी आवडीच्या कामाकडे बघा. भेटवस्तू बांधण्यात माझी बहीण तासन्‌तास रमायची. त्या वर्षी तिने कागदाची एकच घडी तीन-चारदा घातली, मोडली आणि म्हणाली, “ताई, तूच कर ना.” आळस असा नसतो. शिवाय पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, अंग जड होणं, साधं ‘कुठले कपडे घालू’ हेही न ठरणं, ‘माझा सगळ्यांना त्रासच आहे’ असं बोलून जाणं. काहींचं पिणं वाढतं, तेही मौजेत खपून जातं.

जवळचं माणूस गेल्यानंतरचा पहिला सण असेल, तर रडू येणारच. ते दुःख लाटांसारखं येतं, मध्येच एखाद्या आठवणीने हसूही येतं. नैराश्यात अशी उसंत फारशी मिळत नाही आणि माणूस स्वतःलाच कवडीमोल समजू लागतो. दोन्ही एकत्रही असू शकतं.

सणाचा शीण चार दिवस विश्रांती घेतली की जातो. ही लक्षणं जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जा. डॉक्टर बऱ्याचदा ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी करतात. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही.

बोलायचं ते चारचौघांत नको. भांडी विसळताना, शेजारी उभं राहून बोला. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य कृपा करून टाळा. जगणं नकोसं झाल्यासारखं बोलत असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, गोळ्या-औषधं हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मी आता पाहुणे पांगल्यावर आठ दिवसांनी बहिणीला फोन करते. ‘कशी आहेस’ म्हटलं की ‘बरी आहे’ एवढंच येतं, म्हणून ‘काल किती वाजता झोपलीस, आज काय जेवलीस’ असं विचारते आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबते.