थंडीआधी कुत्र्याला जंताचा डोस द्या, मेंढराला नंतर बघू

लडाखच्या चांगथांगमध्ये, म्हणजे ४,००० मीटरच्याही वर, चांगपा लोक पश्मिना शेळ्या, मेंढ्या नि याक पाळतात, आणि कडाक्याची थंडी पडायच्या आधी हिवाळ्याच्या मटणासाठी जनावरं कापतात. गोंधळ इथेच होतो. कलेजीत किंवा फोपशात पाण्याने भरलेली पांढरी गाठ निघाली की तो तुकडा कापून कुत्र्यापुढे टाकला जातो, टाकणाऱ्याला वाटतं खराब माल गेला, पण त्या गाठीतल्या अळ्यांपासून कुत्र्याच्या आतड्यात अर्धा सेंटीमीटरपेक्षा जरा कमी-जास्त लांबीचे फीतकृमी तयार होतात आणि साधारण दीड महिन्यात विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडायला लागतात. ती अंडी गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर. तिथून मेंढीच्या पोटात, नाहीतर आपल्या.

माणसात हीच गाठ लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षं गपचूप वाढते (हायडॅटिड म्हणतात तो आजार). मटण खाऊन ती होत नाही, कुत्र्याकडून आलेल्या अंड्यांमुळे होते, हे बऱ्याच जणांना पटतच नाही.

आणि एवढ्या थंडीत कुठले जंत जगतात असं म्हणू नका. ही अंडी बर्फाखालीसुद्धा टिकतात, त्यांना मारतं ते ऊन आणि कोरडेपणा. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात माळरानावर ती लवकर मरतात, पण सावलीत, ओलीत, कोकणातल्या दमट जागी टिकतात. दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगर मंडळींनी हे लक्षात ठेवावं, जंत तोच आहे आणि वाड्यावर कुत्रा पण आहेच.

तर निघायच्या आधी प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वांटेलची गोळी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ते ५० मिलिग्रॅम असतं आणि दर १० किलो वजनाला एक गोळी असा हिशोब असतो, तरी पाकीट वाचा आणि डॉक्टरांना विचारा. नुसतं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन काही उपयोग नाही, त्याने हा जंत मरत नाही. जमलं तर दर दीड महिन्याने द्या, ते नाहीच झालं तर वर्षातून चारदा तरी. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवायचा आणि त्याची घाण हातमोजे घालून खोल पुरायची किंवा जाळायची, कारण औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत.

गाठ निघाली तर ती जागेवर फोडत बसू नका. जाळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल पुरा. कुत्र्याला आतडी-कलेजी घालायचीच असेल तर पाऊण तास खळाखळा उकळून घाला. मुंडकंसुद्धा कच्चं नको, कारण मेंढरू एकाच जागी गोल गोल फिरायला लागतं तो मेंदूतल्या गाठीचा आजारही कुत्र्यातल्याच दुसऱ्या एका फीतकृमीमुळे होतो.

मेंढरांना अल्बेंडाझोल पाजता ते गोल जंतांसाठी ठीक आहे, त्या डोसाने गाठी जात नाहीत. नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला मात्र ते देऊ नका, पोटातल्या पिल्लाला धोका असतो.

घरात कुणाला उजव्या बरगडीखाली जड वाटत असेल किंवा खोकला जात नसेल तर सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे करून घ्या आणि आमच्याकडे मेंढरं-कुत्री आहेत हे डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे गाठ दिसल्यावर तयारी न करता कुणी सुई घालणार नाही.