मलेरियाच्या अँटिबॉडीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टवर अँटिबॉडीचा आकडा असतो, पण संसर्ग होऊन किती दिवस झाले, हे त्यावर लिहिलेलं नसतं. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. संसर्ग कधी झाला, रुग्णाचं वय काय, आधी किती वेळा मलेरिया झालाय आणि नेमकी कोणत्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी मोजली, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

ताप चालू असताना अँटिबॉडी टेस्ट करणं

ही सगळ्यात धोकादायक चूक. परजीवी रक्तात वाढू लागल्यावर अँटिबॉडी मोजण्याइतक्या होईपर्यंत काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे जातात. पहिल्यांदाच मलेरिया झालेल्या माणसाचा रिपोर्ट त्यामुळे ऐन तापात निगेटिव्ह येऊ शकतो, आणि फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकारात तेवढा उशीर जिवावर बेततो. उलट काही महिन्यांपूर्वी बरा झालेल्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि आजचा ताप दुसऱ्याच कशाचा असला तरी मलेरियाचे उपचार सुरू होतात. निदान करायचं ते रक्ताच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा रॅपिड टेस्टवर. रॅपिड किटची पट्टी परजीवीचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन पकडते; अँटिबॉडीशी तिचा संबंध नाही. त्यातही एचआरपी-२ हे प्रथिन उपचारानंतर काही आठवडे रक्तात राहू शकतं, तेव्हा बरं वाटत असताना पट्टीवर रेघ उमटली म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजू नका, स्मिअर बघा.

उतार सरळ रेषेत मोजणं

संसर्गानंतर अँटिबॉडी झपाट्याने चढतात आणि मग दोन टप्प्यांत उतरतात. पहिल्या टप्प्यात घाईने तयार झालेल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या अल्पायुषी प्लाझ्मा पेशी मरतात आणि रक्तात आधीच आलेल्या अँटिबॉडी आपापल्या गतीने झिजत जातात. आयजीजी हा रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार; त्यातल्या आयजीजी-१ चं अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) साधारण २१ दिवस, आयजीजी-३ चं जेमतेम आठवडाभर. आणि मलेरियात भर असतो तो याच दोन उपप्रकारांवर. दुसऱ्या टप्प्यात अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी थोडा थोडा पुरवठा चालू ठेवतात, तो वर्षानुवर्षं टिकू शकतो. त्यामुळे तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याचे नमुने जोडून पुढे रेघ ओढली आणि 'वर्षाअखेर शून्य' असा निष्कर्ष काढला, तर तो चुकणारच.

वयही धरायला हवं. लहान मुलांत हा उतार फार तीव्र असतो. मालीमधल्या मुलांच्या आणि तरुणांच्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, पावसाळ्यात चढलेल्या अँटिबॉडी कोरड्या महिन्यांत उतरताना दिसल्या. पण त्याच लोकांत मलेरियाची ओळख ठेवणाऱ्या स्मृती-बी पेशी मात्र वर्षागणिक, हळूहळू का होईना, वाढत होत्या. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो: रक्तातली अँटिबॉडी ओसरली म्हणजे शरीर सगळं विसरलं, असं नसतं.

सगळ्या अँटिबॉडींना एकाच मापाने मोजणं

एएमए-१ किंवा एमएसपी-१ या परजीवीच्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी दीर्घकाळ राहतात आणि वारंवारच्या संसर्गांनी साठत जातात. काही प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी काही महिन्यांतच ओसरतात. अलीकडचा संसर्ग ओळखायला त्याच कामाच्या. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारासाठी २०२० मध्ये आठ प्रथिनांचा संच मांडला गेला. गेल्या नऊ महिन्यांत संसर्ग झाला होता का, हे त्यावरून सुमारे ८० टक्के अचूकतेने सांगता येतं.

एखाद्या भागातला प्रसार थांबला का, हे बघायचं तर मोठ्यांचे आकडे दिशाभूल करतात. त्यांच्यात जुने संसर्ग साठलेले असतात. प्रसार थांबल्यानंतर जन्मलेली मुलं तपासा. मात्र तान्ही बाळं त्यातून वगळा, कारण पहिले काही महिने त्यांच्या रक्तात आईकडून वारेतून आलेला आयजीजी असतो.

अँटिबॉडी आहे, म्हणजे आता मलेरिया होणार नाही

अँटिबॉडी संरक्षण देतात यात शंका नाही. १९६१ मध्ये गांबियातल्या प्रौढांचं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला भाग, आजारी मुलांना दिल्यावर त्यांच्या रक्तातले परजीवी घटले होते. पण ते वर्षानुवर्षं संसर्ग झेललेल्या प्रौढांचं रक्त होतं. त्यात शेकडो प्रकारच्या अँटिबॉडींची मिसळ होती. तुमच्या रिपोर्टवरची एक अँटिबॉडी मुख्यतः एवढंच सांगते की संसर्ग होऊन गेला. फॅल्सिपॅरमच्या एकेका परजीवीकडे लाल पेशीवर मांडायच्या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं असतात, तो ती आलटून पालटून वापरतो, शिवाय दुसऱ्या परजीवीचा संच वेगळा. म्हणून संरक्षण टप्प्याटप्प्याने येतं: आधी गंभीर आजारापासून, मग बऱ्याच काळाने साध्या तापापासून, आणि पूर्ण असं कधीच नाही. लहानपण मलेरियाच्या भागात गेलं आणि मग बरीच वर्षं बाहेर राहिलात, तर परत जाताना जुन्या प्रतिकारशक्तीवर विसंबू नका. प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी लागतेच.

अचानक चढलेला आकडा

डास नसतानाही अँटिबॉडी पुन्हा वाढली, तर नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असं लगेच ठरवू नका. व्हायवॅक्सचे सुप्त परजीवी यकृतात राहून काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा जागे होतात. नवा डास न चावताही आलेख वर जातो. लक्षणं न देणारा, थोडक्या परजीवींचा संसर्गही आकडा वर धरून ठेवतो. दोन्हींसाठी पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, करून घ्या. सुप्त परजीवींवरचं प्रायमाक्विन हे औषध जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता आहे का ते तपासल्याशिवाय घेऊ नये.

आकडा चढला नाही, पडला नाही, महिनोन् महिने तसाच राहिला, तर आधी प्लेट बघा. एलायझाच्या (रंगाच्या गडदपणावरून अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर सगळे नमुने एकाच डायल्युशनने, म्हणजे सारखेच पातळ करून, लावले की जास्त अँटिबॉडी असलेल्या खाचा एकसारख्या गडद पिवळ्या होतात. यंत्राची मर्यादा संपलेली असते. एका नमुन्यात दुसऱ्याच्या दहापट अँटिबॉडी असली तरी वाचन तेच येतं. पहिल्या आठवड्यातला चढ आणि तिसऱ्या महिन्यातला उतार दोन्ही त्या रंगात बुडतात. नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा. एकाच व्यक्तीचे सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, त्याच स्टँडर्डसोबत (तुलनेसाठीच्या ठरावीक नमुन्यासोबत) चालवा, आणि नमुने पुन्हा पुन्हा वितळवून गोठवू नका, सुरुवातीलाच छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.